डावा खांदा

...नाही, त्या निळ्या सपाता नको घालूस मिर्ना, त्या पाहुण्यांच्या नाहीत — शेजारच्या तपकिरी घे. मोठ्या होतील, होऊ देत, फरशी गार आहे. हां. आता बस. तिथं नको, त्या खुर्चीचा एक पाय तोकडा आहे, नवख्या माणसाला आपटते ती — इकडे ये, खिडकीपाशी. आणि हे काय? कॉफी? खरी? अगं, अख्खं झाग्रेब बार्ली भाजून तिचं काळं पाणी पितंय आणि वर 'छान झालीय' म्हणतंय, आणि तू चांगली पुडाभर घेऊन माझ्या दारात! कुठं मिळाली? राहू दे, सांगू नकोस, पुड्यावर लिहिलंय. त्रिएस्ते. इटलीतली. तुझ्या बाबांनी दिली ना? वाटलंच. कुणाकडे जाताना हातात काय न्यावं हे तुगोला शाळेत असल्यापासून बरोबर कळतं. आणि कुणाला पाठवावं तेही. स्वतः आला असता तर मी दार उघडलं नसतं, हे त्याला माहीत — आणि पोरीच्या तोंडावर विल्कोकाका दार लावून घेणार नाही, हेही माहीत. माणसांची नस ओळखावी तर तुझ्या बापानं. बस, बस, उठू नकोस. राग तुझ्यावर नाही. पाणी ठेवतो.

तर काय म्हणत होतीस — 'अर्धी छत्री'ला, आमच्या त्या कार्टूनच्या सिनेमाला, पंचवीस वर्षं झाली. झाली असतील. गॅलरीत प्रदर्शन, भिंतींवर तुगोची पेन्सिलीची चित्रं, काचेत ते परदेशातलं बक्षीस, आणि मधे एक जागा मोकळी, कारण मूळ ताव एकही नाही. कसा असेल? धुतले ना सगळे! मीच धुतले. हे सांगितलं नाही त्यानं? अगं, सेल्युलॉइड मिळायचं कुठं तेव्हा! बाहेरून यायचं, ते पण कुणाच्या तरी ओळखीनं, आणि आलं की तुझा बाप ते ताव असे उराशी धरायचा जसं काही बाळंतिणीनं बाळ धरावं. म्हणून आमचा नियम असा — तुगो कागदावर पेन्सिलीनं काढणार, मी त्यावर पारदर्शक ताव ठेवून टाकानं शाईची रेघ मारणार, मुली मागून रंग भरणार, कॅमेऱ्याखाली त्याचा फोटो निघाला रे निघाला की ताव थेट टबात. कोमट पाणी, साबण, स्पंज. धुवायचा, दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचा आणि उद्या पुन्हा त्याच्यावरच काढायचं. सकाळी ज्या तावावरून माणूस चालत गेला त्याच तावावर संध्याकाळी कुत्रा. अंगणात आमच्या कपडे कधी वाळले नसतील, पण हे ताव बघ — वारा आला की नुसते खडखडायचे. वरच्या मजल्यावरची बाई विचारायची, अहो, तुम्ही काचा धुता की काय? म्हटलं बाई, आम्ही माणसं धुतो.

हसतेस ना? हसावंच. आम्हीही हसायचो. वाईट दिवस होते असं कोण म्हणतं? चांगले होते. तेव्हा सगळ्यांना त्या गोल-गोल, लोण्यासारख्या हलणाऱ्या प्राण्यांचं वेड. पण तसं हलवायचं तर एका पावलाला ढीगभर चित्रं पाहिजेत, आणि आमच्याकडे ताव तर मोजून मापून. तेव्हा तुगो एक दिवस म्हणाला — हे मी त्याचं श्रेय काढून घेत नाही, त्यानंच म्हटलं — म्हणाला, विल्को, जे नाही ते काढायचंच नाही. मान काढायची नाही. कोपर काढायचं नाही. घर म्हणजे वर्तमानपत्राचा चौकोन कापून चिकटवायचा. माणूस म्हणजे एक त्रिकोण, खाली दोन काठ्या, वर एक ठिपका. चालणं तीन चित्रांत. सिनेमाला पैसे देणाऱ्या समितीची माणसं बघायला आली, खुर्च्यांवर बसली, आणि त्यातला एक जाड चष्मेवाला म्हणतो — हे छान आहे, पण पुरं कधी होणार? आणि पुढं तेच परदेशात गेलं आणि तिथल्या विद्वानांनी लिहिलं, या माणसाला मान नाही, कारण आजच्या माणसाला वर बघायची सोय उरलेली नाही. अरे बाबांनो, मान नव्हती कारण ताव नव्हते! मी आणि तुगोनं ते कात्रण वाचलं आणि इतके हसलो, इतके हसलो, की त्याला उचकी लागली. पाठीवर मीच थोपटलं त्याच्या. एकाच बाकावर बसून मोठे झालो होतो आम्ही. त्याचं दप्तर मी वाहायचो, माझे मार तो खायचा. भाऊ नव्हता मला. गरजच वाटली नाही.

दूध नाही हं, काळीच पी. साखर तिथं आहे. त्या निळ्या सपाता कुणाच्या म्हणून बघतेस? कुणाच्या नाहीत. आहेत झालं. धूळ झटकतो कधी मधी.

बरं — सिनेमा पाहिलास ना तू? कितीदा? मग तुला काय सांगायचं. पण ऐक, माझ्या तोंडून ऐक. पावसाचा रस्ता. सगळ्यांच्या डोक्यावर छत्र्या. आणि आपला हा त्रिकोण — हा छत्री धरतो ती आपल्या डोक्यावर नाही, बाजूला. उजवीकडे. तिथं कुणीच नाही. नुसती रिकामी हवा, आणि छत्रीखाली एक कोरडा ठिपका त्याच्यासंगं चालतोय. त्या ठिपक्यात कुत्रं येऊन झोपतं, शिपाई येऊन विडी पेटवतो, म्हातारी खुर्ची टाकून विणकाम करते — सगळे कोरडे, हा ओला. आणि जसजसा भिजतो तसतसा त्याचा निळा रंग ओघळून गटारात जातो. शेवटी नुसती रेघ उरते. थिएटरात लोक खदाखदा हसायचे आणि त्या शेवटाला एकदम गप्प व्हायचे. मी दरवाज्याशी उभा राहून बघायचो, कोण कुठं गप्प होतं ते. अभिमान होता ना! रेघ माझी होती. पाट्यांत नाव होतं — रेषा, विल्को शाफार. तुझ्या बापाच्या नावाखालोखाल.

आता मला सांग — तू हुशार मुलगी आहेस — असला माणूस कुठून सुचतो? तू पण काढतेस ना चित्रं, मुलांच्या पुस्तकांत? तूच सांग. आकाशातून पडतो? ...नाही ना. कुठंतरी बघितलेला असतो.

मी सांगतो. माझी बायको — इव्का — सिनेमाच्या आधीच दोन वर्षं गेली होती. मेली नाही गं, गेली. रियेकाला, बहिणीकडे. भांडण असं काही नाही, तेच तर. मी सकाळी रेघा मारायला जायचो, रात्री यायचो, बोलायचो नाही. दिवसभर श्वास रोखून रेघ मारणारा माणूस घरी येऊन काय बोलणार? ती म्हणायची, विल्को, तू घरी येतोस पण पोचत नाहीस. एक दिवस बॅग भरली. बरं. गेली तर गेली. मी कामावर जात राहिलो. तर तेव्हा — पावसाळी दिवस होते — मी स्टुडिओत पोचलो की तुगो माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, विल्को, तुझा डावा खांदा नेहमी ओला कसा? उजवा कोरडा, डावा चिंब. म्हटलं, छत्री वाईट आहे. खरंच वाटत होतं मला! छत्रीवाल्याकडे नेली, त्यानं उघडली, मिटली, काड्या चाचपल्या, म्हणाला, साहेब, हिला काही झालेलं नाही. मला वाटलं याला कळत नाही. मग नवीन घ्यायची ठरवली, आणि तुगो आला माझ्याबरोबर, निवडायला! दुकानात उभं राहून एकेक उघडून बघतोय — म्हणतो, मोठी घे विल्को, दोघं मावतील अशी. घेतली मोठी. खांदा ओला तो ओलाच.

तुला कळलं. चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. तुला एवढ्यात कळलं, या घटकेला, कॉफीचा पहिला घोट पोटात जायच्या आत. मला सिनेमानंतरही चौदा वर्षं कळलं नाही. इव्का माझ्या उजव्या हाताला चालायची — लग्नाआधीपासून. हाताला सवय लागलेली. ती गेली, हाताला कुणी सांगितलंच नाही. अख्खी गल्ली बघत होती, शाफारसाहेब रिकाम्या हवेवर छत्री धरून चाललेत. बेकरीवाल्याला माहीत, ट्रामच्या कंडक्टरला माहीत, स्टुडिओतल्या रंगवणाऱ्या पोरींना माहीत. एक मी सोडून. आणि मी काय करत होतो? मी टेबलाशी बसून, जीभ दातात धरून, त्याच माणसाच्या रेघा मारत होतो. शेकडो. स्वतःच्या. मारायच्या, धुवायच्या, पुन्हा मारायच्या. काखेत कळसा म्हणतात तो असा! पण त्रिकोणात कोण स्वतःला ओळखेल गं? नाक काढलं असतं, माझी ही पडकी मिशी काढली असती, तर ओळखलं असतं. नाही काढली. म्हणे, ताव वाचवायचेत.

नाही, थांब, एवढंच असतं तर मी रागावलो नसतो. रागावलो असतो — पण घसा खरवडून एकदा ओरडलो असतो, दोन ग्लास राकिया प्यायलो असतो दोघं, आणि संपलं असतं. मित्र आहे, बघितलं, काढलं. चित्रकाराची जात. मला आधी सांगायला हवं होतं — छत्री वाईट नाहीये विल्को, तू वेडा झालायस, रियेकाची गाडी पकड आणि तिला घेऊन ये — एवढं एक वाक्य. नाही सांगितलं. ठीक. पोटात घातलं असतं तेही.

पट्ट्यांचं सांगतो तुला.

शेवटचं दृश्य. तो नुसती रेघ उरलेला माणूस चाललाय, आणि समोरच्या फुटपाथवर एक बाई उभी आहे, बघते, आणि निघून जाते. आठवतं? कोट कसला तिचा? बरोबर — उभ्या पट्ट्यांचा. आता मला सांग. ज्या सिनेमात माणसाला मान नाही, कुत्र्याला शेपूट नाही, शिपायाला पाय एकच — तिथं या बाईच्या कोटाला उभे पट्टे! प्रत्येक तावावर! मी भडकलो. म्हटलं, तुगो, शुद्धीवर आहेस का, कोट साधा काढ, काळा भर, संपलं — पट्टे हलताना थरथरतात, एक रेघ इकडची तिकडे झाली की अख्खा ताव फुकट. ऐकेना. मी म्हटलं, का पण? तर माझ्याकडे न बघता म्हणाला, मला तसाच दिसला. एवढंच. मला तसाच दिसला. मी शिव्या देत मारले पट्टे. इतका टाक दाबला इतका दाबला की सेल्युलॉइडवर ओरखडे उठले. रंगवणाऱ्या पोरी म्हणाल्या, विल्कोकाका, बाईवर एवढा कसला राग? म्हटलं, बाईवर नाही, कोटावर.

मग शूटिंग संपलं, सगळे ताव टबात निघाले, आणि शेवटचा मी उचलला तर तुगोनं माझा हात धरला. म्हणाला, हा धुवायचा नाही. हा तू घरी ने. अगं, माझे डोळे भरून आले! आमच्याकडे ताव न धुणं म्हणजे काय — सोन्याची नाणी वाटल्यासारखं. दोघं एकाच तावावर होते, इकडे तो, तिकडे ती, कारण वेगळा ताव कुठून आणायचा. मी चौकट केली, काच बसवली आणि इथं लावला — हो, तिथंच, तुझ्या डोक्यावर. लग्नाचा फोटो लावतात ना लोक, तसा. कुणी आलं की दाखवायचो. लोक बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग म्हणायचे — सुंदर. आणि केक मागायचे. आता कळतं, केक का मागायचे ते.

घे ना, अक्रोडाचा आहे. खालच्या मजल्यावरची बाई करून देते. घे.

त्रिएस्ते. हो, येतो तिथंच येतो. तेव्हा तू पंधरा-सोळाची. सगळी पोरं जीन्स-जीन्स करत होती आणि बस भरभरून लोक त्रिएस्तेला जायचे, जाताना बारीक, येताना जाड — एकावर एक चढवून, कस्टमवाल्यानं बघू नये म्हणून. तुझ्या बापानं सांगितलं, विल्को, तू चाललायस तर मिर्नाला एक आण. आठवते ती जीन्स? जरा आखूड झाली असेल तुला. तर तिथं पाऊस. मी त्या कालव्याकाठच्या बाजारात एका दुकानाच्या दारात पोचलो, आत आपली माणसं ढिगाऱ्यातून उपसतायत, आणि गल्ल्यावरची बाई माझ्याकडे बघतेय. केस पांढरे, ओठ रंगवलेले. म्हणाली, विल्को — अजून?

मी म्हटलं, अजून काय? इतक्या वर्षांनी बायको भेटते आणि मी विचारतो, अजून काय! तिनं माझ्या हाताकडे बोट केलं. छत्री. दारात उभा होतो मी, छत्री अशी — उजवीकडे — आणि इकडून पाणी टपटप टपटप. मी तिथं पहिल्यांदा बघितली. माझ्याच हातात. ती म्हणाली, म्हणजे तुला माहीत नाही? तुझ्या मित्रानं त्याच्यावर सिनेमा काढला, तू त्याच्या रेघा मारल्यास, आणि तुला माहीत नाही?

लोक जीन्स मागतायत, ती सुटे पैसे देतेय, 'सिन्योरा, हा रंग जाईल का' विचारतायत, 'नाही जाणार' सांगतेय, आणि मधे मधे मला सांगतेय. की ती आली होती. झाग्रेबला. परत यायला! बॅग स्टेशनवर ठेवून. पण मी दार उघडेन की नाही या भीतीनं आधी तुझ्या बापाकडे गेली. म्हणाली, तुगो, तो रागावलाय का? मला आधी लांबून बघू दे. तो तिला घेऊन आला, आमच्या स्टुडिओसमोरच्या बेकरीच्या दारात दोघं उभे राहिले. पाऊस होता. मी आलो. तसा. तिनं विचारलं, तो असं का धरतो छत्री? बाजूला का? आणि तुझा बाप म्हणाला — ऐक नीट, तुझा बाप म्हणाला — सवय लागलीय त्याला. कुणीतरी असते हल्ली त्याच्याबरोबर. आज आली नसेल. सुखात आहे गं इव्का, नको खपली काढूस.

कुणीतरी असते! मिर्ना, माझ्या उजव्या हाताला जी जागा तिची होती, तिचीच, तिच्याशिवाय कुणाचीही नाही — ती जागा दाखवून त्यानं तिला सांगितलं, तिथं दुसरी आहे. केसानं गळा कापणं म्हणतात ना, हे ते. आणि हे सांगताना, ती म्हणाली, तो चित्र काढत होता. एका हातानं तिच्या खांद्यावर थोपटतोय, दुसऱ्या हातात पेन्सिल. तिच्या अंगावर कोट होता पट्ट्यांचा. रियेकाला शिवलेला. मी कधी बघितलाच नव्हता तो.

ती स्टेशनवरून बॅग उचलून गेली. रियेका, तिथून त्रिएस्ते. पुढल्या वर्षी तिथल्या थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी 'अर्धी छत्री' लागली. ती नवऱ्याबरोबर बसली होती — हो, केलं होतं तोवर, काडीमोडाच्या कागदांवर मी सही करून दिली होतीच. तिनं पडद्यावर बघितलं आणि तेव्हा तिला कळलं, छत्रीखाली कुणी नव्हतं. कधीच कुणी नव्हतं. मग तिनं मला कळवलं का नाही? मी विचारलं ना. ती म्हणाली, पाट्यांत तुझं नाव होतं विल्को. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून माझी फजिती केली. मला वाटलं, तू हसत हसत काढला असशील.

...

काही नाही. कप दे तुझा, भरतो. कॉफी कडक झाली.

परतीच्या बसमधे मी दोन जीन्स एकावर एक घालून बसलो होतो — एक तुझी, एक शेजारणीच्या पोराची — शर्टात कॉफीचे पुडे, गुडघे वाकेनात. बस सगळी गातेय, आणि मी लाकडासारखा. कस्टमवाला म्हणाला, आजोबा, पोट बरं आहे ना? चेहरा बघून त्यानं तपासलंच नाही. तुझी जीन्स मी तुमच्या दाराच्या कडीला अडकवली आणि घंटी न वाजवता निघून आलो. स्टुडिओत गेलो नाही पुन्हा. दुकानांच्या काचांवर नावं रंगवली नंतर, बरं चाललं. तू विचारलं असशील ना घरी, काका का येत नाहीत? काय सांगितलं त्यानं? ...तिरसट झालाय म्हणाला? असं. बघ मिर्ना, ज्याला खरंच माहीत नसतं ना, तो येऊन विचारतो. दार ठोठावतो, शिव्या घालतो, म्हणतो, अरे झालं काय? अकरा वर्षांत तुझा बाप एकदाही विचारायला आला नाही. तेवढं मला पुरे.

मी खूप बाजूंनी विचार केलाय, असं समजू नकोस की केला नाही. म्हटलं, कदाचित त्याला माझी दया आली असेल. कदाचित वाटलं असेल, ही पुन्हा जाईल आणि हा मरेल. असेल. मग पेन्सिल कशाला काढली? सिनेमा तेव्हा अर्धा झाला होता, समिती मानगुटीवर. इव्का परत आली असती तर दुसऱ्या दिवशी माझा खांदा कोरडा झाला असता — आणि तो बघणार काय, काढणार काय? त्याला मी ओलाच हवा होतो. मित्रापेक्षा त्याला तो चालणारा त्रिकोण प्यारा झाला. आणि सिनेमा चांगला झाला, हेच तर दुःख आहे! वाईट झाला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

तर आता ताव. तुला तो हवाय, आणि मी प्रदर्शनाच्या रात्री व्यासपीठावर येऊन, तुगोच्या गळ्यात पडून, सगळ्यांदेखत तो द्यायचा. त्यानंच असं ठरवलं असणार, दृश्यं बांधायची सवय आहे त्याला. वर बघ. हो, तुझ्या डोक्यावर. तू मघापासून तिकडे बघून विचार करतेयस ना, म्हाताऱ्यानं रिकामी चौकट का लावलीय, भिंतीवरचा कागद दिसतोय नुसता? रिकामी नाही. तोच आहे तो. त्रिएस्तेहून आलो त्या रात्री न्हाणीघरात नेला. कोमट पाणी, साबण, स्पंज. आमचा नियम होता ना — काम झालं की धुवायचा. एकाच तावाचा नियम मोडला होता, तोही पुरा केला. थांब, काढतो खाली. धर. काचेतून काढ, भिऊ नकोस. आता खिडकीकडे कर, तिरका — अजून जरा — हां. दिसतात? माणूस गेला. एका घासणीत गेला, हलक्या हातानं काढला होता त्याला. पट्टे बघ. ओरखडे. किती घासले, नाही गेले. इव्का तेवढी राहिली.

ने. घेऊन जा. मी देतोय, खरंच देतोय. गॅलरीत मधोमध लावा त्या मोकळ्या जागेत. लोक विचारतील, हा कोरा ताव कसला? तुझ्या बापाला म्हणावं, उभा राहा आणि सांग. विल्को येणार नाही. विल्कोनं त्याचं काम केलं, रेघ मारली. खाली काय लिहायचं ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं.

रडू नकोस गं. तू काय केलंस? तू तेव्हा पाळण्यात होतीस. जीन्स आखूड झाली का, तेवढं सांग. ...झाली? वाटलंच मला.

पाऊस लागला बघ. छत्री नाही आणलीस? तुगोची पोर, आणि छत्री नाही! ही घे. मोठी आहे, तीच ती, त्यानं निवडलेली, काड्या अजून शाबूत आहेत. ताव कोटाच्या आत धर. मी आलो असतो थांब्यापर्यंत सोडायला, एवढा काही थकलो नाही, आणि जाताना ठीकच असतं गं, जाताना दोघं असतो, काही कळत नाही. पण परत येताना मी एकटा असेन, हातात माझी जुनी छत्री, आणि तू ट्रामच्या खिडकीतून मागं वळून बघशील. बघशीलच. तुझ्या बापाचे डोळे आहेत तुला. नको. जा आता, ट्राम चुकेल. आणि दार जोरात ओढून घे, आपोआप लागत नाही ते.